अ‍ॅक्सेसच्या फॉर्मवर नको ते रकाने लपवताना

पावतीच्या फॉर्मवर पैसे रोख आले असतील, तर चेक नंबर आणि बँकेचे नाव दिसायलाच नको. माहितीचे टेबल आणि फॉर्म बनवायच्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये त्यासाठी रकान्याची व्हिजिबल प्रॉपर्टी बदलतात. हा कोड बरेच जण फक्त रोख की चेक हे निवडायच्या कॉम्बो बॉक्सच्या (यादीतून निवडायच्या रकान्याच्या) आफ्टर अपडेट इव्हेंटमध्ये, म्हणजे निवड बदलल्यावर चालणाऱ्या जागी, लिहितात. मग पुढच्या रेकॉर्डवर गेले, की मागच्याचीच स्थिती कायम राहते. कोड वेगळ्या प्रोसिजरमध्ये ठेवा आणि ती फॉर्मच्या ऑन करंट इव्हेंटमधूनही (हा प्रत्येक रेकॉर्डवर जाताना चालतो) चालवा. नव्या रेकॉर्डवर कॉम्बो रिकामा असतो, म्हणून तुलनेआधी रिकाम्या (नल) किमतीऐवजी दुसरी किंमत देणारे एनझेड (Nz) फंक्शन लावा.

कर्सर ज्या रकान्यात आहे तो लपत नाही. आधी फोकस, म्हणजे कर्सर, दुसऱ्या रकान्यात हलवा. जोडलेले लेबल मात्र आपोआप लपते.

माझ्या मते सर्वांत धोक्याची गोष्ट वेगळीच आहे. रकाना लपला तरी त्यातली माहिती पुसली जात नाही. आधी चेक निवडून नंबर भरला आणि नंतर रोख केले, तर तो नंबर टेबलात राहतो आणि रिपोर्टमध्ये उगवतो. आफ्टर अपडेटमध्ये तो नल, म्हणजे रिकामा, करा. ऑन करंटमध्ये हे कधीही करू नका. नुसती जुनी रेकॉर्ड चाळतानाही त्यांतली माहिती पुसली जाऊ शकते.