अलाबामा हिल्समध्ये फुकट कॅम्पिंग करताय? मग या चुका टाळा

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी ग्रुप्समध्ये दर लाँग वीकेंडच्या आधी एक मेसेज ठरलेला असतो, "अरे ती लोन पाइनजवळची जागा फुकट आहे ना, कुठेही तंबू टाकता येतो ना?" तर फुकट आहे हे खरं, कुठेही टाकता येतो हे आता खरं नाही आणि या दोन वाक्यांच्या मधल्या गॅपमध्येच बहुतेक लोकांचा वीकेंड वाया जातो.

जागा कुठली हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अलाबामा हिल्स म्हणजे हायवे ३९५ वरच्या लोन पाइन गावाच्या पश्चिमेला, माउंट व्हिटनीच्या (४,४२१ मीटर) पायथ्याशी पसरलेले गोलगोल, केशरी-तपकिरी ग्रॅनाइटचे खडक. लॉस एंजेलिसहून (एलए) साडेतीन-चार तासात पोचता. नाव अलाबामा असलं तरी त्या राज्याशी काही संबंध नाही, अमेरिकन सिव्हिल वॉरमधल्या एका जहाजावरून इथल्या खाणवाल्यांनी ते ठेवलं. आणि आपल्यासाठी गंमत म्हणजे १९३९ च्या 'गंगा दीन' सिनेमासाठी हॉलिवूडने हिंदुस्थानचा वायव्य सरहद्द प्रांत याच खडकांत उभा केला होता, त्यामुळे पहिल्यांदा गेल्यावर "हे कुठेतरी पाहिलंय" असं वाटलं तर नवल नाही.

सगळ्यात मोठी चूक: फुकट म्हणजे मोकाट असं समजणं

ही जमीन बीएलएमची, म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. पूर्वी खरंच जिथे गाडी जाईल तिथे लोक तंबू टाकायचे. मग गर्दी इतकी वाढली की झुडपं चिरडून नवेनवे रस्ते पडायला लागले, प्रत्येक खडकामागे टॉयलेट पेपर दिसायला लागला. २०१९ मध्ये जागेला नॅशनल सीनिक एरियाचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर नियम आले. आता नेमून दिलेल्या जागांवरच राहायचं आणि त्यासाठी परमिट लागतं. परमिटला पैसे पडत नाहीत, ऑनलाइन मिळतं, पण ते घ्यावं लागतं आणि काही भाग फक्त दिवसा फिरायला आहेत, तिथे रात्री थांबता येत नाही. मुक्कामाची मर्यादा १४ दिवस. निघायच्या आधी बीएलएमच्या साइटवरचा नकाशा बघा, जुन्या यूट्यूब व्हिडिओवर विसंबू नका, त्यातल्या बऱ्याच जागा आता बंद आहेत.

परमिट हातात आहे म्हणजे जागा राखून ठेवली असंही नाही. जो आधी येईल त्याची जागा. ऑक्टोबरातल्या किंवा मार्च-एप्रिलमधल्या शनिवारी रात्री नऊला पोचलात तर अंधारात हेडलाइट मारत एकेका वळणात शिरायचं, तिथे आधीच कुणी झोपलेलं असायचं, मग रिव्हर्स घ्यायची, असं तासभर चालतं आणि शेवटी माणूस वैतागून झुडपातच गाडी घालतो. शुक्रवारी दुपारपर्यंत पोचा, नाहीतर सरळ रविवारी संध्याकाळी या, सगळे परतीला लागलेले असतात.

बे एरियावाल्यांनी (सॅन फ्रान्सिस्कोकडच्यांनी) अजून एक बघायचं. योसेमिटीतून इकडे येणारा टायोगा पासचा घाट साधारण नोव्हेंबर ते मे अखेर, कधी जूनपर्यंत बर्फामुळे बंद असतो. उन्हाळ्यातल्या ट्रिपचा ड्राइव्ह टाइम डोक्यात ठेवून हिवाळ्यात निघालात तर बेकर्सफील्डवरून वळसा घालावा लागतो आणि पोचायला रात्र होते.

सह्याद्रीच्या सवयी इथे चालत नाहीत

आपल्यातले बरेच जण गडांवर रात्री काढून तयार झालेले. तिथे सॅक हलकी ठेवायची सवय असते कारण पाणी गडावरच्या टाक्यात मिळतं, जेवण पायथ्याच्या गावात सांगून ठेवलेलं असतं, झोपायला देऊळ किंवा गुहा असते, आणि काहीच नसलं तर तीन दगड मांडून लाकडं गोळा करून चूल पेटवता येते. वाळवंटात यातलं एकही नाही. इथे फुकट आहे ती फक्त जमीन, बाकी सगळं तुम्ही न्यायचं आणि सगळं परत आणायचं.

पाण्याचा हिशोब माणशी दिवसाला चार लिटर, पिणं आणि स्वयंपाक धरून. भांडी-हातपाय वेगळे. दोघं दोन रात्री राहणार असतील तर वीस लिटर घ्याच, आणि ते दुकानातल्या पातळ प्लास्टिकच्या गॅलन जगमधून नको कारण खडबडीत रस्त्यावर एक तरी जग डिकीत फुटतो आणि स्लीपिंग बॅग भिजते. जाड कॅन घ्या, नळ असलेला, आणि लोन पाइनमध्येच भरून घ्या. आसपास ओढे आहेत पण कॅम्पच्या जागांपासून लांब, आणि ते पाणी फिल्टर केल्याशिवाय प्यायचं नाही.

लाकूड गोळा करायचं नाही. वाळलेली दिसली तरी ती झुडपं तिथेच राहू द्यायची. शेकोटीच काय, साधा गॅस स्टोव्ह पेटवायलासुद्धा कॅलिफोर्नियाचं कॅम्पफायर परमिट लागतं, तेही फुकट, छोटा व्हिडिओ बघून चार प्रश्नांची उत्तरं दिली की मिळतं. उन्हाळ्यात वणव्यांच्या काळात शेकोटीवर बंदीच असते. बंदी नसताना पेटवलीत तर आधीपासून असलेल्या रिंगमध्ये किंवा स्वतःच्या फायर पॅनमध्ये (शेकोटीच्या पत्र्याच्या ताटात), आणि कृपा करून सामानाखालची जुनी लाकडी पॅलेट्स जाळू नका, राखेत खिळे उरतात आणि पुढच्या माणसाचा टायर जातो.

तंबू उडतोय

इथली सगळ्यात कॉमन तक्रार. पश्चिमेच्या सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या भिंतीवरून वारा खाली येतो तेव्हा तो अंगावर कोसळतोच. पायथ्याच्या ओवेन्स व्हॅलीतला हा वारा इतका नामांकित की १९५० च्या दशकात ग्लायडरवाल्यांनी मुद्दाम इथे येऊन त्याचा अभ्यास केला होता. त्यात जमीन म्हणजे कुजलेल्या ग्रॅनाइटची भरड रेती. तंबूसोबत येणारी ती बारीक ॲल्युमिनियमची खुंटी ठोकायला गेलात तर दोन फटक्यात पूर्ण आत जाते, तुम्ही खूश होता, आणि दोरी ताणली की साखरेत खोचलेल्या काडीसारखी दोन बोटांनी वर येते. काही ठिकाणी उलट, चार इंचांवर अखंड खडक लागतो आणि खुंटी वाकते.

उपाय: खुंट्यांवर विसंबायचंच नाही. कापडी पिशव्यांमध्ये रेती भरून त्या दोरीला बांधा, किंवा दोरीचा लांब लूप करून मोठ्या दगडाभोवती घ्या आणि त्यावर दुसरा दगड ठेवा. निघताना दगड होते तिथे परत. झुडपांना दोऱ्या बांधायच्या नाहीत, ती मुळासकट येतात. तंबूची अरुंद बाजू पश्चिमेकडे. आणि क्लाइंबिंगला जाताना रिकामा तंबू उभा सोडून जाऊ नका, पोल काढून आडवा करा, वर दोन सॅक ठेवा. सकाळी शांत हवेत उभा केलेला आणि दुपारी शंभर फुटांवर कॅक्टसमध्ये सापडलेला तंबू ही इथली नेहमीची गोष्ट आहे.

दक्षिणेकडून वारा आला तर धूळ. एलएला पाणी नेणाऱ्या १९१३ च्या कालव्यानंतर (एलए ॲक्विडक्ट) कोरडं पडलेलं ओवेन्स लेक तिथेच खाली आहे. धुळीवर बरंच काम झालंय, तरी डोळ्यात लेन्स घालणाऱ्यांनी चष्मा ठेवावा.

रात्री कुडकुडलो, स्लीपिंग बॅग तर "झिरो डिग्री"ची होती

आधी बघा, झिरो फॅरनहाइट की सेल्सियस. मग बघा की बॅगवरचा आकडा कम्फर्टचा आहे की लिमिटचा, लिमिट म्हणजे त्या तापमानाला तुम्ही कसेबसे रात्र काढाल, झोप लागेल असं नाही. इथे उन्हाळ्यात दुपारी अडतीसच्या वर जातं आणि हिवाळ्यात रात्री शून्याखाली. वर सूर्य सिएराआड लवकर जातो, हिवाळ्यात चार-साडेचारलाच सावली येते आणि स्वेटर काढेपर्यंत थंडी वाजायला लागते. थंडी जास्त खालून येते, म्हणून पैसे बॅगेआधी मॅटवर घाला, हिवाळ्यात मॅटची आर-व्हॅल्यू (थंडी अडवण्याचा आकडा) चारच्या वर हवी. इन्फ्लेटेबल मॅटखाली एक फोमची मॅट टाकली की काम होतं आणि काटा लागून मॅट पंक्चर व्हायची भीतीही कमी.

पहाटे स्टोव्ह मंद जळतोय तर तो बिघडलेला नसतो. साध्या ब्युटेनचा गॅस शून्याच्या आसपास तयार व्हायचाच थांबतो. आयसोब्युटेन-प्रोपेन मिक्स घ्या आणि गॅसचा कॅनिस्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. वारा अडवायला चारही बाजूंनी फॉइल गुंडाळणं मात्र धोक्याचं, कॅनिस्टर तापून फुटू शकतो. पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा, बर्फ वरून धरतो, म्हणजे झाकणाकडचं पाणी पातळ राहतं.

स्वयंपाक, आपला नेहमीचा घोळ

दहा जणांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी पाच लिटरचा कुकर आणतोच. आयडिया वाईट नाही, सुमारे १,४०० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. पण तो कुकर बॅकपॅकिंगच्या तीन नाजूक पायांच्या स्टोव्हवर ठेवू नका, एका शिट्टीच्या धक्क्याने कलंडतो. दोन बर्नरचा स्टोव्ह न्या, नाहीतर तूरडाळ सोडा आणि मूगडाळीची खिचडी करा, सोबत मेतकूट, लोणचं, घरून आणलेली थालीपिठं. फोडणीचं तेल आणि डाळीचे दाणे असलेलं पाणी कॅम्पजवळ ओतलं की रात्री उंदीर येणार. जुन्या गाळणीतून पाणी गाळायचं, गाळ कचऱ्याच्या पिशवीत, पाणी लांब विखरून टाकायचं. खाण्याचं सगळं गाडीत. उंदरांचं एवढं कौतुक का, तर ईस्टर्न सिएरात हंटाव्हायरसच्या केसेस झालेल्या आहेत आणि तो उंदरांच्या लेंड्या-मुतातून पसरतो.

आता तो विषय

संडास. खड्डा खणून पुरायचं हे जंगलात ठीक, इथे नाही. कोरड्या रेतीत कुजवणारे जिवाणू फार कमी, वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि वारा कागद उघडे करतो. वॅग बॅग, म्हणजे संडासासाठीच्या पिशव्या घ्यायच्या, आत पावडर असते, घट्ट होतं, वास कमी होतो, आणि बंद करून साध्या कचऱ्यात टाकता येतात. माणशी रोजची एक आणि वर एक-दोन जास्त. नवख्यांना घाण वाटतं, पण एकदा वापरली की त्यात काही नाही. परत आणायला झाकणाची बादली डिकीत ठेवा, घरचे तक्रार करणार नाहीत.

गाडी रुतली

खडकांमधून जाणारा मुख्य रस्ता, मूव्ही रोड, कच्चा पण रुंद, सेडान आरामात जाते, फक्त पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांवर हळू चालवा. अडचण आतल्या फाट्यांवर, तिथे मऊ रेती आहे. चाक फिरायला लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, दाबाल तेवढी गाडी खाली जाते. चाकांपुढची रेती हाताने उकरा, फ्लोअर मॅट घाला, टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा, हळूच बाहेर काढा. म्हणून गाडीत छोटा पंप हवाच, नंतर हवा भरायला. रेंटलच्या ॲग्रीमेंटमध्ये कच्चा रस्ता बहुतेक वेळा चालत नाही, ते आधी वाचा, टोइंगचं बिल मग तुमच्याच खिशातून जातं. आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात तंबूही नको, गाडीही नको, ढग डोंगरावर फुटतो आणि पाणी इथे येतं.

जिममधून थेट खडकावर

इथले क्लाइंबिंगचे रूट बहुतेक लहान, दोर अडकवायला खडकात बोल्ट मारलेले, म्हणून क्लाइंबिंग जिममध्ये शिकलेल्यांना सोपे वाटतात. पण खडक दाणेदार आहे, पायाखालून रेती सुटते, पातळ पापुद्रे हातात येतात. होल्डवर (हाताने धरायच्या जागेवर) जोर टाकायच्या आधी थापटून बघा, पोकळ आवाज आला तर सोडा. बिले करणाऱ्यानेही (खालून दोर सांभाळणाऱ्यानेही) हेल्मेट घालायचं, दगड खालच्याच डोक्यावर पडतो. दोराच्या टोकाला गाठ मारा, खाली उतरवताना दोर संपून झालेले अपघात अनुभवी लोकांचेही आहेत. बेसाल्टच्या काळ्या कातळावर शिकलेल्यांना इथली पकड जास्त वाटेल, बोटांची कातडी मात्र अर्ध्या दिवसात सोलवटते, टेप ठेवा. उन्हाळ्यात कपारीत हात घालायच्या आधी बघा, रॅटलस्नेक सावलीला तिथेच बसतो.

स्पीकर आणू नका. खडकांमध्ये आवाज घुमतो आणि तुमची गाणी तीन कॅम्पना ऐकू जातात.

जागाच मिळाली नाही तर? रस्त्याच्या कडेला गाडीत झोपायचा मोह होतो, तो टाळा. जवळच टटल क्रीक कॅम्पग्राउंड आहे, बीएलएमचंच, थोडे पैसे घेतात पण टॉयलेट आहे. काउंटीचं पोर्तुगीज जो (काही नकाशांवर पोर्टगी जो) कॅम्पग्राउंड गावाला अजून जवळ. उन्हाळ्यात माउंट व्हिटनीची चढाई सुरू होते त्या व्हिटनी पोर्टलला वर गेलात तर थंडावा मिळतो, तिथे रिझर्व्हेशन लागतं आणि अस्वलांमुळे खाणं लोखंडी पेटीत ठेवावं लागतं, गाडीत नाही. हे सगळं घरूनच बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा, खडकांच्या आत शिरलं की नेटवर्क कधी जातं कळत नाही.