हेदवीच्या चढावर तुटलेला स्पोक

परदेशातील लांब सफरीचा सराव म्हणून सामानासह सायकलने दापोलीहून रत्नागिरीकडे निघालो असता, दाभोळ-धोपावे फेरीबोटीने खाडी ओलांडून हेदवीच्या पुढच्या चढावर मागच्या चाकातून खट्कन आवाज आला आणि रिम डावीकडे ओढली जाऊन ब्रेकला घासू लागली. उजव्या, म्हणजे साखळीच्या बाजूचा स्पोक हबजवळच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या) वाकणातच तुटला होता. गिअरची चक्रे काढल्याशिवाय तिथे नवा स्पोक घालता येत नाही आणि ती काढण्याचे हत्यार मी घरी ठेवले होते (वजन वाचवण्याची हौस!). तेव्हा तुटका स्पोक शेजारच्या स्पोकभोवती गुंडाळला, जवळचे डावे स्पोक अर्धा फेरा सैल केले, उजवे किंचित आवळले आणि ब्रेकच्या रबरांकडे पाहत चाक फिरवून, घासणे कमी होईपर्यंत हेच पुन्हा केले. मागचे जड सामान पुढे बांधले. मागचा ब्रेक मात्र मोकळा ठेवावा लागल्याने तवसाळ जेटीचा उतार मी चालतच उतरलो. वळणावर समोरून डंपर आला तर एकट्या पुढच्या ब्रेकवर भिस्त ठेवणे मला पटले नाही. जयगडमार्गे रत्नागिरीत पोचल्यावर उजव्या बाजूचे सगळेच स्पोक बदलून घेतले, कारण तेही तितकेच वापरलेले होते. ते हत्यार आता हँडलच्या पिशवीत असते.