स्टार्टअपना उभं राहायला मदत करण्याचा व्यवसाय: मुंबईत सुरुवात करणाऱ्या मैत्रिणींसाठी

‘मी स्टार्टअपना मदत करते’ एवढ्यावर गिऱ्हाईक मिळत नाही. कसली मदत, कोणत्या टप्प्यावर आणि किती पैशांत, हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. मुंबईत मार्गदर्शन करणारे पुष्कळ आहेत, कागद वेळेवर लावून देणारे कमी. म्हणून सीए किंवा सीएस (कंपनी सेक्रेटरी) नसलात तरी सुरुवात कंपनीच्या पहिल्या सहा महिन्यांपासून करा. सह्या व्यावसायिक करतील, तारखा सांभाळणं तुमचं काम.

कंपनीची नोंदणी झाल्यापासून पहिली बोर्ड मीटिंग 30 दिवसांत, पहिल्या ऑडिटरची नेमणूकही 30 दिवसांत, शेअर सर्टिफिकेटं दोन महिन्यांत. मग 180 दिवसांच्या आत आयएनसी-20ए हा फॉर्म, म्हणजे भागधारकांनी शेअर्सचे पैसे भरले असं संचालकांनी दिलेलं निवेदन. घोडं अडतं ते इथेच. बँक खातं उघडायला उशीर होतो, किंवा दोघांचे पैसे एकाच संस्थापकाच्या खात्यातून येतात आणि ते कोणाचे हे दाखवता येत नाही. ज्याचे शेअर त्याच्याच खात्यातून रक्कम येऊ द्या. मुदत चुकली तर कंपनीला 50 हजार रुपये दंड, शिवाय संचालकांना रोजचे हजार, एक लाखापर्यंत. वार्षिक विवरणपत्रांचा उशीर तर दर फॉर्ममागे रोज 100 रुपयांनी वाढतच राहतो.

नोंदणीकृत कार्यालयासाठी घराचा पत्ता चालतो. वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुनं नको आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र हवं, मालक सख्खे वडील असले तरीही. गुमास्त्याबद्दल, म्हणजे दुकान-आस्थापना नोंदणीबद्दल, उगाच धावपळ करू नका: राज्याच्या 2017 च्या कायद्यानुसार कामगार मोजकेच असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. तिची पावती मात्र जपून ठेवा, बँक मागते.

संस्थापकांमधला करार पहिल्याच महिन्यात करून घ्या. मैत्री असल्यामुळे हा विषय कोणी काढत नाही, तो तुम्ही काढायचा. शेअर्स चार वर्षांत टप्प्याटप्प्याने पक्के व्हावेत आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काही मिळू नये, ही रूढ पद्धत आहे. ती नसेल तर आठव्या महिन्यात निघून गेलेला भागीदार निम्मी कंपनी धरून बसतो आणि गुंतवणूकदार मागे फिरतो.

सरकारी योजनांत आधी डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, स्टार्टअप म्हणून मान्यता. ती प्रोप्रायटरशिपला, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या धंद्याला, मिळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी चालते. मान्यता असली की ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज प्रत्येक वर्गाला 9,000 ऐवजी 4,500 रुपयांत होतो. अर्जात ‘नावीन्यपूर्ण अ‍ॅप’ असं मोघम लिहू नका. आज लोक हे काम कसं करतात आणि तुमच्यामुळे नेमकं काय बदलतं, ते लिहा. महिलांच्या कंपन्यांसाठी राज्याची पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजना आहे: 1 ते 25 लाखांचं अर्थसाहाय्य, महिलेचा वाटा किमान 51 टक्के. सिडबी या लघुउद्योग बँकेच्या ‘फंड ऑफ फंड्स’साठी मात्र अर्ज लिहायला बसू नका, तो पैसा थेट स्टार्टअपला मिळत नाही, गुंतवणूक निधींना मिळतो.

हे सगळं शिकायला एखाद्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या स्टार्टअपना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेत, नोकरी केलेली उत्तम. पवईला आयआयटीमध्ये 2004 पासून ‘साइन’ हा इन्क्युबेटर आहे. अशा ठिकाणी नाकारलेले अर्ज वाचायला मिळतात, आणि शिकण्यासारखं त्यांतच जास्त असतं.

गुंतवणुकीचं गणित कागदावर करून दाखवता आलं पाहिजे. गुंतवणुकीआधीचं मूल्य 8 कोटी आणि येणारे पैसे 2 कोटी, म्हणजे गुंतवणूकदाराचा वाटा 20 टक्के. आता कर्मचाऱ्यांसाठी 10 टक्के शेअर्स राखायचे आहेत. ते आधीच्या 8 कोटींतूनच काढले तर संस्थापकांकडे 70 टक्के उरतात. गुंतवणूक आल्यानंतर सगळ्यांच्या वाट्यातून काढले तर 72, आणि गुंतवणूकदार 18 वर येतो. टर्मशीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या मसुद्यात, हा फरक एका ओळीत दडलेला असतो.

आता तुमची फी. ‘ताई, जरा बघून द्या ना’ यातच निम्मा आठवडा जातो. पहिली अर्धा तासाची भेट फुकट ठेवा, पुढचं सगळं लेखी आणि निम्मे पैसे आगाऊ. ‘पैसे नाहीत, एक टक्का इक्विटी देतो’ हा प्रस्ताव तर हमखास येतो. प्रायव्हेट कंपनीला बाहेरच्या सल्लागाराला ईसॉप (ठरलेल्या भावात पुढे शेअर घेण्याचा हक्क) देता येत नाहीत आणि स्वेट इक्विटी (कामाच्या बदल्यात दिलेले शेअर) हीसुद्धा फक्त कर्मचारी किंवा संचालकांसाठी असते. सेवेच्या मोबदल्यात शेअर्स द्यायचेच तर नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आणि रीतसर ठराव लागतो, आणि त्या शेअर्सवर तुम्हाला करही भरावा लागतो. नुसत्या ईमेलवरच्या एक टक्क्याला काही किंमत नाही. सुरुवातीला रोख फीच घ्या, कमी का असेना.

स्वतःची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, पहिल्याच दिवशी करा, ती मोफत आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंद असली की लेखी करारातही तुमचं बिल 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. सेवांची उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली की जीएसटी. व्यावसायिक फीवर 10 टक्के टीडीएस कापला जातो, पण नवख्या कंपन्या तो कापतात आणि भरायला विसरतात. दर तिमाहीला प्राप्तिकराच्या पोर्टलवर तो आपल्या पॅनवर जमा दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर लगेच फोन करा, कारण मार्चनंतर त्यांचा अकाउंटंट बदललेला असतो.