मांजराच्या पिल्लाचं डिवर्मिंग (जंतांचं औषध देणं) घरी करताना

"आमची माऊ तर घराबाहेर पाऊलही टाकत नाही, तिला कुठून जंत होणार?" हे नवीन पिल्लू आणलेला जवळपास प्रत्येक जण विचारतो. अहो, तिला बाहेर जायची गरजच नाही, गोल जंत पिल्लाला आईच्या दुधातूनच येतात, म्हणजे तुम्ही तिला उचलून घरी आणलं तेव्हाच ते पोटात असू शकतात. वर आपल्या चपलांना लागून मातीतली अंडी घरात येतात, आणि पाल, झुरळ दिसलं की ही बाई ते खाणारच. पिसवा असतील तर अंग चाटताना पिसू गिळली जाते आणि त्यातून टेपवर्म (पट्टीसारखा चपटा जंत) होतो, तो प्रकार वेगळा.

वेळापत्रक साधारण असं असतं, 2-3 आठवड्यांची झाली की पहिला डोस, मग दूध सुटेपर्यंत दर 2 आठवड्यांनी, त्यानंतर 6 महिन्यांची होईपर्यंत महिन्यातून एकदा. पुढे किती दिवसांनी द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. बरेच जण एक डोस देतात, शीमध्ये शेवयांसारखे पांढरट जंत पडलेले बघतात आणि झालं काम म्हणून गप्प बसतात. नाही झालं! औषध आतड्यातल्या मोठ्या जंतांना मारतं, शरीरात इतरत्र फिरणाऱ्या अळ्या तशाच राहतात आणि नंतर आतड्यात येऊन मोठ्या होतात. पुढचे डोस त्यांच्यासाठीच असतात, त्यामुळे मोबाईलमध्ये रिमाइंडर लावाच.

आता डोस. वयावरून नाही, वजनावरून ठरतो, आणि ते वजन त्याच दिवशी केलेलं हवं कारण पिल्लं आठवड्याला साधारण 100 ग्रॅम वाढतात. किचनच्या डिजिटल काट्यावर रिकामा डबा ठेवा, काटा शून्यावर आणा, पिल्लाला आत बसवा. मैत्रिणीने अर्धा एमएल दिलं म्हणून आपणही अर्धा एमएल द्यायचं असं अजिबात करू नका, प्रत्येक सिरपची स्ट्रेंथ वेगळी असते. समजा डॉक्टरांनी किलोला 10 मिग्रॅ पायरँटेल (गोल जंतांचं औषध) सांगितलंय आणि पिल्लू 600 ग्रॅमचं आहे, म्हणजे 6 मिग्रॅ द्यायचं. बाटलीत एमएलला 5 मिग्रॅ असेल तर ते 1.2 एमएल झालं, पण 50 मिग्रॅ असेल तर फक्त 0.12! म्हणून बाटलीचा फोटो डॉक्टरांना पाठवून आकडा पक्का करून घ्या. आणि घरातली माणसांची अल्बेंडाझोलची गोळी मोडून देणं तर मुळीच नको, मांजरात त्याने रक्तपेशी कमी होऊ शकतात.

पाजायला बिनसुईची 1 एमएलची सिरिंज घ्या. उपाशी ठेवायची गरज नसते, थोडं खाल्लेलं असलं तरी चालतं. टॉवेलमध्ये गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवायचं म्हणजे नखं लागत नाहीत, मग सिरिंज तोंडाच्या कडेने, गाल आणि दातांच्या मधून आत सरकवायची आणि दोन-दोन थेंब सोडत, गिळलं की पुढचे असं पाजायचं. समोरून घशात पिचकारी मारू नका, मान मागे ताणू नका, औषध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो. तोंडाला फेस आला तर घाबरू नका, प्राझिक्वांटेल (टेपवर्मचं औषध) कडू असतं, मांजरं लाळ गाळतातच. लगेच ओकली तर मनाने परत डोस द्यायचा नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

पुढचे एक-दोन दिवस शी थोडी पातळ होणं, त्यात जंत दिसणं नॉर्मल आहे. शेपटीखाली तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे तुकडे चिकटलेले दिसले तर तो टेपवर्म, त्याला साधं पायरँटेल चालत नाही, प्राझिक्वांटेल लागतं आणि सोबत पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो (कुत्र्याचं परमेथ्रिनवालं औषध चुकूनही नको, मांजराला ते विषारी आहे). लिटर बॉक्समधली (मांजराच्या शीच्या ट्रेमधली) शी रोज काढा, गोल जंतांची अंडी संसर्ग करण्याइतकी तयार व्हायला काही आठवडे लागतात, त्यामुळे रोज साफ केलं की ती आधीच बाहेर जातात. घरात रांगतं बाळ असेल तर हे जास्तच सांभाळा, हे जंत माणसालाही होतात.

पोट फुगलंय पण हातापायाची हाडं लागतायत, हिरड्या पांढऱ्या दिसतायत, सारखी ओकतेय, खाणं बंद केलंय किंवा शीत रक्त आहे, अशा पिल्लाला घरी औषध पाजत बसू नका. थेट डॉक्टरांकडे न्या, आणि शक्य असेल तर शीचं ताजं सॅम्पल डबीत घेऊन जा.