हिवाळ्यानंतर याक-५२ पहिल्यांदा बाहेर काढताना

याक-५२ हे एकामागे एक अशा दोन आसनांचे विमान याकोव्लेव्ह यांच्या आराखडा कार्यालयाने सोव्हिएत संघातील दोसाफ या संघटनेच्या उड्डाण क्लबांसाठी रचले. त्याचे पहिले उड्डाण १९७६ साली झाले आणि उत्पादन रुमानियातील बाकाउ येथील कारखान्यात झाले. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर ही विमाने मोठ्या संख्येने पश्चिमेकडे गेली व आज ब्रिटन आणि अमेरिकेत हौशी वैमानिकांच्या, बहुधा चार-सहा जणांनी मिळून केलेल्या मालकीत, उडताना दिसतात. बेंगळूरूजवळच्या येलहंका तळावर एरो इंडिया पाहिलेल्या वाचकांना ब्रिटनच्या याकोव्लेव्हज् चमूची विमाने आठवत असतील. ती याच घराण्यातली. पुढील तयारी ब्रिटनसारख्या थंड आणि दमट देशात नोव्हेंबर ते मार्च हँगरमध्ये उभ्या राहिलेल्या याकसाठी लिहिली आहे. विमानाची पुस्तिका, परवानाधारक अभियंता आणि याच विमानावर तयार झालेला प्रशिक्षक यांची जागा ती घेऊ शकत नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

हे विमान उडून जितके बिघडत नाही तितके उभे राहून बिघडते. उभे असताना तेल खाली उतरते, हवा झिरपून जाते, पाणी साचते, लाकूड सुकते किंवा फुगते, आणि या सगळ्याच्या जोडीला वैमानिकाची सवयही मोडते. म्हणून तयारीचा बहुतेक वेळ इंजिन सुरू होण्याच्या आधीच जातो आणि तो तसाच जावा. त्यासाठी सबंध सकाळ राखून ठेवावी आणि त्या दिवशी कोणालाही फिरवून आणण्याचे वचन देऊ नये.

कागदपत्रे आदल्या आठवड्यातच पाहून घ्यावीत. ब्रिटनमध्ये ही विमाने उड्डाणयोग्यतेच्या नेहमीच्या प्रमाणपत्राऐवजी ‘परमिट टू फ्लाय’ या परवान्यावर उडतात, त्याची मुदत, विमा, आणि पॅराशूट पुन्हा घडी करून बांधल्याची तारीख या तीन गोष्टी हिवाळ्यात हमखास संपतात. इंजिन आणि प्रोपेलर यांच्या नोंदवह्यांत उड्डाणाच्या तासांबरोबरच शेवटच्या संपूर्ण दुरुस्तीला किती वर्षे झाली हेही पाहावे, कारण सोव्हिएत पद्धतीत आयुष्य तासांनी आणि कॅलेंडरने असे दोन्हीकडून मोजले जाते. दरवर्षी मोजकेच तास उडणारे इंजिन कॅलेंडरच्या बाजूने म्हातारे होते, आणि वापरलेले विमान विकत घेताना ‘फार कमी तास झालेले’ ही जाहिरातीतील स्तुती म्हणूनच मला कधी स्तुती वाटलेली नाही.

विमानाजवळ गेल्यावर पहिली नजर त्याच्या खाली ठेवलेल्या ट्रेकडे टाकावी. तारांकित रचनेच्या, म्हणजे रेडियल इंजिनात सिलिंडर मधल्या दंडाभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे बसवलेले असतात. इव्हचेंको यांच्या एआय-१४ वरून वेदेनेयेव यांनी विकसित केलेल्या एम-१४पी या ३६० अश्वशक्तीच्या इंजिनात असे ९ सिलिंडर आहेत आणि साहजिकच त्यांपैकी काहींची तोंडे जमिनीकडे आहेत. विमान उभे असताना तेल पिस्टनच्या कड्यांमधून हळूहळू या खालच्या सिलिंडरांत उतरते. थोडे ट्रेमध्ये गळते, ते चांगलेच. काळजी जे गळत नाही त्याची करायची. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. झडपा बंद असलेल्या सिलिंडरात तेल भरलेले असताना पिस्टन जोराने वर आला तर मध्ये सापडलेला जोडदांडा वाकतो. यालाच हायड्रॉलिक लॉक म्हणतात. वाकलेला दांडा त्याच क्षणी तुटेल असे नाही. कित्येक तासांनंतर, उड्डाण चालू असताना, तो तुटू शकतो, आणि यातली खरी भीती तीच आहे.

त्यामुळे प्रोपेलर हाताने फिरवणे हा या यादीतला सर्वांत महत्त्वाचा विषय आहे. मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारी यंत्रे) बंद आहेत, थ्रॉटल (इंजिनाचा जोर ठरवणारा दांडा) मागे आहे, चाकांपुढे अडसर आहेत आणि कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाला आपण काय करत आहोत हे ठाऊक आहे, याची खात्री करून मगच पात्याला हात लावावा, आणि तरीही इंजिन केव्हाही पेटू शकते असे धरूनच उभे राहावे. इंजिन आणि प्रोपेलर यांच्यामध्ये गिअर असून त्यांचे प्रमाण ०.६५८ आहे, इंजिनाचे एक पूर्ण चक्र दोन फेऱ्यांचे असल्याने प्रोपेलर तेवढ्यात सुमारे १.३ फेऱ्या फिरतो. मूळच्या दोन पात्यांच्या लाकडी प्रोपेलरवर याचा अर्थ असा की तिसरे पाते पुढून गेल्यावरच प्रत्येक सिलिंडर एकदा तपासला गेला असे म्हणता येते. आम्ही ८ पाती मोजतो. पाते सावकाश, फक्त हाताच्या जोराने ओढावे. त्यावर अंगाचा भार टाकू नये. नेहमीच्या दाबापेक्षा वेगळा, भिंतीला टेकल्यासारखा अडथळा लागला की तिथेच थांबावे.

अशा वेळी अनुभवी माणसालाही एक मोह होतो: प्रोपेलर उलटा फिरवून अडथळा मोकळा करण्याचा. हे कधीही करू नये. उलटे फिरवल्याने तेल सिलिंडरातून आत येणाऱ्या हवेच्या नळीत ढकलले जाते, प्रोपेलर मोकळा होतो, सर्वांना हायसे वाटते, आणि इंजिन सुरू होताच तेच तेल पुन्हा सिलिंडरात ओढले जाते, तेही या वेळी इंजिनाच्या पूर्ण जोरासह. खालच्या सिलिंडरांचे स्पार्क प्लग काढावेत, तेल भांड्यात वाहू द्यावे, नळ्यांना निचऱ्याची बुचे बसवलेली असतील तर तीही उघडावीत, आणि मग पाती पुन्हा मोजावीत. पाच महिने उभ्या राहिलेल्या विमानात तर अडथळ्याची वाट न पाहता खालचे प्लग आधीच काढावेत असे माझे मत आहे. अर्धा तास जातो आणि हात काळे होतात. नवे इंजिन घेण्याच्या मानाने दोन्ही स्वस्त आहे.

तेलानंतर हवा. या विमानात इंजिन सुरू करणे, चाके वर-खाली करणे, पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप उघडणे आणि ब्रेक लावणे ही चारही कामे दाबलेल्या हवेवर चालतात. एसटीची बस थांब्यावर ब्रेक सोडते तेव्हा जो फुस्स आवाज येतो, तोच आवाज याक जमिनीवर चालताना सतत येत असतो. मुख्य टाकीतील दाब ५० किलो प्रति चौरस सेंटिमीटरपर्यंत नेता येतो, आणि चाके खाली आणण्यापुरती संकटकालीन हवा वेगळ्या टाकीत असते. हिवाळ्यानंतर दोन्ही दाबमापक बहुधा शून्याच्या आसपास सापडतात. पाणबुड्ये वापरतात तशा सिलिंडरमधून कोरडी हवा भरता येते, पण त्या सिलिंडरातला दाब विमानाच्या टाकीच्या मर्यादेच्या चारपट असू शकतो, त्यामुळे दाब कमी करणारा रेग्युलेटर मध्ये असल्याशिवाय नळी जोडू नये. नायट्रोजन चालतो. ऑक्सिजन कधीही भरू नये, कारण तेलाचा अंश असलेल्या नळ्यांत दाबाखालचा ऑक्सिजन गेला तर स्फोट होऊ शकतो.

हवा भरल्यावर लगेच इंजिनाकडे वळू नये. मुख्य झडप उघडावी, दाब लिहून ठेवावा, हँगरमधले सगळे आवाज बंद करावेत आणि कान देऊन ऐकावे. गळती बहुतेक वेळा ऐकू येते. न आल्यास जोडांवर साबणाचे पाणी लावावे. त्यानंतर पाण्याचा निचरा करावा. कॉम्प्रेसर हवेबरोबर बाष्पही दाबतो, त्याचे पाणी होते, आणि तेलात मिसळलेला तो पांढरट चिकट द्रव गाळणीतून काढला नाही तर नळ्या गंजतात आणि थंडीत झडपा गोठतात. चाके वर-खाली करून पाहण्याची चाचणी विमान जॅकवर घेऊनच करावी. जमिनीवर उभे असताना दोन्ही कॉकपिटमधील चाकांचे लिव्हर कोणत्या स्थितीत आहेत हे पाहण्याआधी हवेची मुख्य झडप उघडू नये. हिवाळ्यात कोणीतरी आत बसून फोटो काढलेले असतात आणि हात नेमका तिथेच लागलेला असतो.

प्रोपेलरच्या लाकडी पात्यांवर तडे, सुटलेले अस्तर आणि पुढच्या कडेच्या धातूच्या पट्टीची पकड पाहावी. टायर, बॅटरी आणि रेडिओ यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. उंदराने घरटे केले आहे का, हे मात्र विजेरी घेऊन पाहावे.

त्याच विजेरीने शेपटीकडचा पोकळ भागही पाहावा, आणि हे काम घाईने उरकू नये. याकच्या कॉकपिटला घरगुती मोटारीसारखी सलग फरशी नाही. हातातून निसटलेली वस्तू खाली पडते आणि विमान वर नाक करताच मागे घरंगळत जाते, जिथे उंची बदलणाऱ्या पृष्ठभागाचे, म्हणजे एलिव्हेटरचे, दांडे आणि सांधे हलत असतात. एक पेचकस तिथे अडकला तर वैमानिकाच्या हातातली नियंत्रणाची काठी मागे येत नाही. दुरुस्तीला वापरलेली हत्यारे मोजून पेटीत परत गेली आहेत का, हे ज्याने काम केले त्याच्याऐवजी दुसऱ्याने मोजावे. खिशातली नाणी, किल्ल्या, पेन आणि मोबाइल जमिनीवर ठेवावेत.

इंधनाचा आणि वजनाचा हिशेब छोटा असला तरी कागदावर करावा. पंखांतील दोन टाक्यांत मिळून सुमारे १२२ लिटर पेट्रोल मावते आणि इंजिन तासाला साधारण ५० ते ६० लिटर, कसरतींत त्याहून अधिक, पिते. राखीव सोडून हाती तासाभराचेच उड्डाण उरते. रिकामे विमान सुमारे १,०१५ किलो आणि कमाल वजन १,३०५ किलो. दोन धट्टीकट्टी माणसे, दोन पॅराशूट, तेल आणि भरलेल्या टाक्या एवढ्यानेच ही मर्यादा गाठली जाते.

आता इंजिन. प्रायमर मारून, म्हणजे इंजिनात थोडे पेट्रोल सोडून, पाती पुन्हा ओढून, सर्वांना दूर करून, मोठ्याने इशारा देऊन मगच सुरू करण्याचे बटण दाबावे. दाबलेली हवा थेट सिलिंडरांत शिरून पिस्टन ढकलते, त्यामुळे प्रयत्न मोजकेच मिळतात. दोन फसले तर तिसऱ्याआधी कारण शोधावे. धुराला घाबरू नये, तेलाच्या दाबाकडे पाहावे. तो लगेच वर आला पाहिजे आणि पुढे ४ ते ६ किलो प्रति चौरस सेंटिमीटरच्या दरम्यान राहिला पाहिजे. इंजिनापुढची झापडे मिटून ते सावकाश तापू द्यावे. तेल ४० अंश आणि सिलिंडरचे डोके १२० अंश सेल्सिअस होईपर्यंत पूर्ण जोर मागू नये. ब्रिटनच्या ओलसर हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून दिली जाणारी गरम हवा चालते की नाही हेही याच वेळी पाहावे. फेऱ्यांचा मापक टक्क्यांत, वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये दिसते, तर नियंत्रक फुटांत बोलतो, म्हणून धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरावीक फेरीच्या १,००० फुटांचे ३०० मीटर होतात, असे दोन-चार आकडे गुडघ्यावरच्या पाटीवर लिहून ठेवावेत. जमिनीवर चालताना प्रत्येक ब्रेक टाकीतली हवा खातो, जपून वापरावा.

ज्यांचे शिक्षण सेसनासारख्या अमेरिकी विमानावर झाले आहे त्यांचा उजवा पाय उड्डाणाच्या वेळी आपोआप पुढे जातो. रशियन प्रोपेलर कॉकपिटमधून पाहता डावीकडे फिरतो, त्यामुळे याक उजवीकडे ओढते आणि डावा पाय लागतो. हिवाळ्यात दुसरे विमान उडवून आलेल्या माणसाने थ्रॉटल पुढे करण्याआधी ‘डावा पाय’ असे मोठ्याने म्हणावे. कसरतींतही हेच लागू आहे: उभ्या चढाईच्या टोकाला हे विमान उजवीकडे सहज वळते.

पहिल्या उड्डाणात कसरती कराव्यात का, याबद्दल मतभेद आहेत. विमान अधिक ७ आणि उणे ५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट भार, सोसते, पण पाच महिने खुर्चीत बसलेले शरीर ते सोसत नाही, म्हणून पहिल्या दिवशी ३-४ जीच्या पुढे जाऊ नये आणि १,५०० मीटरच्या खाली काहीही करू नये. स्पिनचा, म्हणजे विमान गरगर फिरत खाली येते त्या स्थितीचा, सराव प्रशिक्षकाबरोबर, त्याहूनही उंचावर करावा, कारण जोर चालू राहिला तर याकचा स्पिन सपाट होऊ शकतो. थ्रॉटल मागे, फिरण्याच्या विरुद्ध पूर्ण रडर (शेपटीचे उभे सुकाणू), मग काठी पुढे, हा क्रम जमिनीवरच घोकून ठेवावा. उलटे उडताना इंजिनाला साडेपाच लिटरच्या छोट्या टाकीतून पेट्रोल मिळते, तेव्हा घड्याळाकडे लक्ष असावे.

परतताना चाके ताशी २०० किलोमीटरच्या आत खाली घ्यावीत. दिव्यांबरोबरच पंखांवर वर येणारे यांत्रिक दांडेही पाहावेत. मिटलेल्या स्थितीतही याकची चाके पंखाखाली उघडी राहतात, त्यामुळे विसरल्यास सांगाड्याचे फारसे बिघडत नाही. प्रोपेलर मात्र जातो आणि इंजिन उघडून तपासावे लागते.

थांबल्यावर सिलिंडरांची डोकी थंड होईपर्यंत इंजिन मंद चालू द्यावे. बंद झाल्यावर मॅग्नेटो तपासावेत, हवेची मुख्य झडप बंद करावी, गाळणीतले पाणी काढावे, पोटावरचे तेल पुसावे आणि ट्रे जागेवर सरकवावा. हवेचा दाब, भरलेले तेल आणि आजची तारीख चिठ्ठीवर लिहून ती काठीला बांधावी, म्हणजे यानंतर विमान उघडणाऱ्या भागीदाराला किती दिवसांत किती हवा गेली हे समजेल.