इंजिनाच्या डेटावरचं मॉडेल कसं तपासाल

रॉकेट इंजिनाच्या चाचणीतल्या सेन्सरच्या नोंदींवरून बिघाड ओळखणारं मॉडेल कुणी ‘९९ टक्के अचूक’ म्हणत आणलं की मी आधी विचारते, बिघाडाचे नमुने किती? हजारात पाचच असतील, तर डोळे मिटून ‘सगळं ठीक’ म्हणणारं मॉडेलही ९९.५ टक्के मिळवतं. म्हणून प्रिसिजन (दिलेल्या इशाऱ्यांपैकी खरे किती) आणि रिकॉल (खऱ्या बिघाडांपैकी पकडले किती) बघा.

डेटा ट्रेनिंग (मॉडेल शिकवायला) आणि टेस्ट (ते तपासायला) असा विभागताना इंजिनाची अख्खी चाचणी एकाच बाजूला ठेवा. एकाच फायरिंगचे (इंजिन पेटवून घेतलेल्या चाचणीचे) शेजारशेजारचे नमुने ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे गेले, की मॉडेल निव्वळ पाठांतरावर पास होतं. इंजिन सुरू होतानाचा टप्पा वेगळा मोजा. तेव्हा चेंबरचा, म्हणजे इंधन जळतं त्या कक्षाचा, दाब झपाट्याने चढतोच, तो बिघाड नव्हे. इशारा रेडलाइन (सुरक्षिततेची ठरवलेली मर्यादा) ओलांडण्याच्या किती आधी आला, तेही नोंदवा. उशिरा आलेला इशारा काय कामाचा? आणि हो, शेजारचे सेन्सर शांत असताना एकच सेन्सर ओरडत असेल, तर तो इशारा सेन्सर-बिघाडाच्या खात्यात टाका.