स्टिअरिंग थरथरतंय? टायर बदलण्याआधी या चुका टाळा

स्टिअरिंगच्या थरथरीपायी मी एकदा पुढचे दोन्ही टायर बदलले. जुन्यांची नक्षी अजून अर्धी शिल्लक होती. नवे टायर, नवं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं), वर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), एवढा सगळा सोपस्कार करून गाडी हमरस्त्याला काढली आणि नव्वदच्या आसपास हाताला पुन्हा तीच ओळखीची थरथर. दुखणं निघालं भलतीकडेच. एका हबवर, म्हणजे चाक ज्यावर नटांनी बसवतात त्या मधल्या भागावर, गंजाचा पापुद्रा साचला होता आणि चाक त्यावर सपाट बसतच नव्हतं. बॅलन्सिंगचं मशीन मात्र इमानदारीत शून्य दाखवत होतं, कारण मशीनवर चाक लावतात, हब नाही. तारेच्या ब्रशने घासल्यावर दहा मिनिटांत काम झालं.

यात मेकॅनिक चुकलाच, पण त्याच्याआधी मी चुकलो होतो. गॅरेजमध्ये जाऊन मी फक्त ‘गाडी व्हायब्रेट होतेय’ म्हटलं. कधी, किती वेगाला, हाताला की बुडाखाली, काहीच सांगितलं नाही. डॉक्टरकडे जाऊन नुसतं ‘दुखतंय’ म्हणायचं आणि गप्प बसायचं, त्यातला प्रकार.

‘कधी’ हे न सांगता गाडी गॅरेजला देणं

थरथर कधी येते, यातच निम्मं निदान असतं. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे ताशी ८० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान येणारी थरथर. साठला गाडी लोण्यासारखी, नव्वदला हातात गुदगुल्या, आणि वेग आणखी वाढवला की पुन्हा कमी. हे चाकाच्या असंतुलनाचं लक्षण. १५ इंची रिमचं साधारण चाक ताशी १०० च्या वेगाला सेकंदाला १४-१५ वेळा फिरतं. त्याच्या कडेला बॅलन्सिंगसाठी लावलेलं ३० ग्रॅमचं वजन गळून पडलेलं असेल, तर दर फेऱ्याला जवळपास ५ किलोचा झटका बसतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५० च्या वेगाला तो चौथाईवर येतो आणि जाणवतही नाही. शिवाय सस्पेंशनची स्वतःची हलण्याची लय नेमकी याच टप्प्यात असते, त्यामुळे तिथे थरथर फुगते आणि पुढे ओसरते. ओसरली म्हणून बरी झाली असं समजू नका. झटका चालूच असतो, फक्त तुमच्या हातापर्यंत पोचत नाही.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल, तर टायरकडे बघूच नका, ब्रेकच्या डिस्ककडे बघा, म्हणजे ब्रेक पॅड जिला दाबून चाक थांबवतात त्या तबकडीकडे. ‘डिस्क वाकली’ असं सर्रास म्हणतात, पण बहुतेकदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या काही शतांश भागांचा फरक पुरतो. पॅडचा थर एका जागी जास्त बसला, किंवा डिस्क हबवर किंचित तिरकी राहिली, की हळूहळू हे होतं. अशा गाडीचं दहा वेळा बॅलन्सिंग केलं तरी उपयोग शून्य.

अ‍ॅक्सिलरेटर दाबला की थरथर, पाय उचलला की गायब, असं असेल तर ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटवर संशय घ्यावा. उभ्या गाडीत, नुसतं इंजिन चालू असताना स्टिअरिंग हलतं तेव्हा बहुधा इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, खचलेलं असतं. गाडी बरेच दिवस एका जागी उभी राहिली असेल, तर पहिले काही किलोमीटर धडधड जाणवते. टायरचा टेकलेला भाग चपटा होतो आणि तापला की पुन्हा गोल होतो.

आता एक प्रकार वेगळा काढून सांगतो, कारण तो खर्चाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. ताशी २०-४० च्या हळू वेगालाच स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे डोलत असेल, ज्याला मेकॅनिक ‘वॉबलिंग’ म्हणतात, तर टायरच्या आतला तारांचा पट्टा सुटलेला असण्याची दाट शक्यता असते. एक तर तसं, नाहीतर रिम चांगलीच वाकलेली, नाहीतर चाकाचे नट सैल. तिन्ही वाईट. गाडी बाजूला घ्या, आधी नट तपासा, मग टायरच्या बगलेला फुगा आलाय का, नक्षीचा एखादा भाग वर उचललाय का ते बघा. फुगा दिसला तर त्या टायरवर आणखी ‘फक्त घरापर्यंत’ जायचं नाही. स्टेपनी त्यासाठीच असते.

थरथर इंजिनची की चाकांची हे ठरत नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर त्याच वेगाला एक गिअर खाली-वर करून बघा. वेग तोच आणि इंजिनचे फेरे बदलले तरी थरथर तशीच राहिली, तर ती चाकांकडून येतेय.

थरथरीवर अलाइनमेंटचा उतारा

अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, सरळ जातानाही स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेने खातो. थरथर ते थेट आणत नाही. हां, वेडावाकडा खाल्लेला टायर पुढे जाऊन आवाज आणि थरथर दोन्ही करतो, पण तेव्हा अलाइनमेंट करूनही खाल्लेलं रबर परत येत नाही. टायरवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला आहे. ठरावीक अंतरावर खळगे लागले, तर शॉकअप कमजोर झालेत.

मशीनच्या शून्यावर डोळे मिटून विश्वास

बॅलन्सिंगला गाडी दिली की लांब जाऊन चहा पिऊ नका, शेजारी उभे राहा. चाकाला आतून सुकलेला चिखल चिकटलेला असतो. तो न काढता बॅलन्सिंग केलं, तर मशीन चिखलासकट हिशोब करतं. दोन दिवसांनी ढेकूळ गळून पडलं की वजनं चुकीच्या जागी. पंक्चर झाल्यावर टायरमध्ये ओततात ते सीलंटचं द्रावण तर आणखी लबाड: ते आत वाहत राहतं, दर वेळी वेगळ्या जागी साचतं आणि मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. जुनी चिकटवलेली वजनं तशीच ठेवून त्यावर नवी लावत गेलेली रिमही मी पाहिली आहे. जुनी काढून पहिल्यापासून करा म्हणायला लाजू नये.

टायर रिमवर नीट बसलाय का, हे मशीनशिवायही कळतं. टायरच्या बगलेवर रिमला लागून एक बारीक उठावदार रेघ असते. रेघ आणि रिमची कड यांतलं अंतर सगळीकडे सारखं हवं. कुठे रेघ आत गेलेली दिसली, तर हवा काढून टायर पुन्हा बसवायला लावा.

बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हीलची गंमत वेगळी. बऱ्याच रिम अनेक गाड्यांना बसाव्यात म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवलेलं असतं. चाक मग हबवर न बसता नुसतं नटांवर लटकतं आणि केसभर इकडेतिकडे राहतं. हबच्या मापाची रिंग मध्ये घातली की वर्षभराची कटकट मिटते.

आणि हे सगळं करण्याआधीची फुकटातली चाचणी: पुढची चाकं त्याच बाजूला मागे टाका, मागची पुढे आणा. पुढे-मागे टायरचं माप एकच असेल तर हे कुठल्याही गाडीत चालतं. स्टिअरिंगमधली थरथर सीटखाली गेली, तर दोष चाकातच आहे. चाकं बदलूनही ती स्टिअरिंगमध्येच राहिली, तर हब, डिस्क, बेअरिंग, शाफ्ट बघा. स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉड एंडमध्ये किंवा चाक धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मच्या रबरी बुशमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर छोटीशी थरथर मोठी होऊन हातात येते. नुसते सुटे भाग बदलत सुटणाऱ्यांना तात्पुरता आराम पडतो तो यामुळेच. मूळ चाक तसंच राहतं.

टायर घ्यायची वेळ आलीच तर

इथली पहिली चूक हौसेची असते: रुंद टायर. समजा गाडीला १८५/६५ आर१५ ८८एच असा टायर आहे. १८५ मिलिमीटर रुंदी, बगलेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, आर म्हणजे रेडियल बांधणी, १५ इंची रिम. या टायरचा व्यास सुमारे ६२१ मिलिमीटर भरतो. १९५/६५ टाकला की तो ६३४ वर जातो, म्हणजे स्पीडोमीटर १०० दाखवताना गाडी १०२ ने पळते. शिवाय चाक जड होतं, स्टिअरिंग जड होतं, मायलेज पडतं. साध्या रोजच्या गाडीला कंपनीने दिलेलं माप हेच व्यवहारी माप, असं माझं मत आहे.

मापाच्या शेवटच्या आकड्याकडे मात्र कुणी बघत नाही. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलोचा भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. वेगाचं अक्षर वाचून लोक हसतात, पण भाराचा आकडा खाली उतरवायचा नाही. सात माणसं आणि सामान घेऊन जाणाऱ्या गाडीत तर नाहीच.

वय बघा. बगलेवर लंबगोलात चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात पडून असलेला टायरही म्हातारा होतो, रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्यावा, दहा वर्षांनंतर नक्षी कितीही चांगली असली तरी काढून टाकावा.

‘जास्त चालणारा टायर द्या’ हे वाक्य दुकानदाराला फार आवडतं. बगलेवरचा ट्रेडवेअरचा आकडा जितका मोठा, तितकं रबर झिजायला चिवट. पण तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची तुलना त्यावर करण्यात फारसा अर्थ नाही. मला विचाराल तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीला मी टायरच्या आयुष्यापेक्षा आधी मोजतो. नव्या टायरला साधारण ८ मिलिमीटर खोल नक्षी असते, खाचांमधल्या खुणा १.६ मिलिमीटरला पृष्ठभागाशी समपातळीत येतात. पाण्यातली पकड मात्र ३ मिलिमीटरच्या खालीच झपाट्याने उतरू लागते, म्हणून टायरचा पार गोटा होईपर्यंत थांबण्यात शहाणपण नाही.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. हे ऐकून बरेच जण वाद घालतात. पुढचे टायर ओल्यात सुटले तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुधा सावरते. मागचे सुटले तर गाडी गरकन फिरते आणि सावरायला वेळच मिळत नाही. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत मात्र चारही टायरांची झीज जवळपास सारखी लागते, तिथे गाडीचं पुस्तक काय म्हणतं ते आधी वाचा.

हवा किती भरायची हे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या बगलेवर छापलेला आकडा हा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नसतो. आणि मोजायची थंड टायरवर.

शेवटचं काम नटांचं. चाक बसवणारा पोरगा हवेच्या गनने नट कर्रकन आवळतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. नट आधी हाताने बसवून, मग समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतकेच आवळायला सांगा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून घ्या. कमीजास्त आवळलेल्या नटांनी डिस्क हबवर किंचित तिरकी बसते, दर फेऱ्याला पॅडला घासते, जाडी बिघडत जाते. काही महिन्यांनी ब्रेक दाबताना स्टिअरिंग हलू लागतं, तेव्हा त्या गनची आठवण कुणालाच होत नाही.